चार वेळा दीडशे

"मामा, पास ना मी? सांग की लवकर!"

भाची बोटीच्या फळीवर ओलीचिंब बसली होती आणि तिचं हसणं काही थांबत नव्हतं.  मामा तिची पाटी बघत होता. प्लॅस्टिकची पांढरी पाटी, वहीच्या पानाएवढी. पाण्याखाली पंचावन्न मीटरवर पोचलं की दर दोन मिनिटांनी काटा बघायचा, सिलिंडरात किती हवा उरली तो आकडा पेन्सिलीने पाटीवर लिहायचा, आणि मामाने काटा बघून शेजारी बरोबरची खूण करायची. परीक्षा म्हणाल तर एवढीच. तेवढ्या खोल गेलं की साध्या हवेतल्याच नायट्रोजनची चढते, चांगली दारू ढोसल्यासारखी. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते असं तपासायचं.

एरवी वर आल्या आल्या पाट्या बादलीत पडायच्या आणि पुढच्या तुकडीसाठी घासून लख्ख व्हायच्या. आज मात्र भाची हटून बसली होती, पाटी आठवण म्हणून घरी नेणार, खाली मामाची सही पाहिजे. सही करायला म्हणून त्याने ती हातात घेतली होती.

पाटीवर लिहिलं होतं: दीडशे. दीडशे. दीडशे. दीडशे.

आता मला सांगा, धडधाकट पोरगी सहा-सात मिनिटं श्वास घेतेय आणि हवा तसूभरही कमी होत नाही, असं कुठे असतं का? काटा एकशेवीसवर आला की निमूट परत फिरायचं, हे मामानेच वर्गात घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं.

पोरगी खाली गुंगीत होती, यात शंकाच नव्हती. पण मामाच्या तोंडचं पाणी पळालं ते आकड्यांमुळे नव्हे. चारही आकड्यांपुढे बरोबरची खूण होती. ठसठशीत, शेपूट वर ओढलेली. त्याच्या हातची.

त्याने आठवून पाहिलं. खाली फार छान वाटत होतं, हे आठवलं. निळं निळं, शांत. तिचा काटा बघितल्याचं मात्र एकदाही आठवेना.

"मास्तर," नावाडी जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताईंच्या सिलिंडरात वीस उरलीय. मी दोरीला जादाचं सिलिंडर सोडलं नसतं, तर..." पुढचं त्याने गिळलं. "जाऊ द्या. मी आपला बोट चालवणारा."

बोटीच्या दुसऱ्या टोकाला दोघे वेल्डर सूट चढवून तयार होते. पुढची फेरी त्यांची. पाण्याखालच्या कामाची नोकरी लागायची होती, त्यासाठी हा दाखला हवा होता. "मास्तर, उतरायचं ना?" त्यातला थोरला ओरडला.

मामाचा अंगठा पाटीवर गेला. नुसता फिरवला असता तरी पेन्सिल पुसली गेली असती. कोणाला काय कळणार होतं? पहिली खूण त्याने अर्धी पुसलीही. मग समोर बघितलं. भाचीचे ओठ निळसर पडले होते, आणि तरी ती हसतच होती. बहिणीने हिला त्याच्या भरवशावर पाठवलं होतं. 

"सूट उतरवा," तो म्हणाला. "आज कोणी उतरणार नाही."

"का हो? काय झालं?"

त्याने पाटी सगळ्यांना दिसेल अशी धरली. थोरल्या वेल्डरने वाचली आणि फस्सकन हसला. "हात्तिच्या! ताई चुकल्या होय? आम्ही नाही चुकणार, मास्तर."

"ती चुकली तर चुकली. शिकतेय ती." मामाने खुणांवर बोट ठेवलं. "तपासणारा मी होतो. मला चढली होती, आणि मला त्याचा पत्तासुद्धा नव्हता."

 बावीस वर्षं हा माणूस छातीवर हात मारून सांगत आला होता की मला काही होत नाही, सवय आहे. लोक खोल जाताना हवेत हेलियम मिसळून नेतात, म्हणजे धुंदी चढत नाही. त्याला तो नखरे म्हणायचा. म्हणायचा, माझ्या गुरूने साध्या हवेवर शिकवलं, मी साध्या हवेवरच शिकवणार.

भाचीचं हसणं थांबलं. तिने टॉवेल अंगाभोवती घट्ट ओढला.

"मामा, आणि बाकीच्यांच्या पाट्या रे?"

"कोणाच्या?"

"आजवर तू ज्यांना पास केलंस त्यांच्या. त्यासुद्धा तू खालीच तपासल्या होत्यास ना?"

मामा मनातल्या मनात मोजू लागला. किती जण झाले असतील? शंभर? दीडशे? त्यातल्या सात-आठ जणांनी तर स्वतःचे वर्ग काढले होते, आणि सगळे त्याच्यासारखंच शिकवत होते. त्याच पाट्या, त्याच खुणा. त्यातला सगळ्यात हुशार पलीकडच्या किनाऱ्यावर शिकवत होता. त्याच्याविषयी मामा येता-जाता अभिमानाने सांगायचा, पठ्ठ्या माझ्याही पुढे गेला म्हणून.

मामाने नावाड्याकडून फोन घेतला आणि त्या पठ्ठ्याचा नंबर फिरवू लागला. बोटं ओली होती, नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. वाजत राहिला, वाजत राहिला. शेवटी एका मुलीने उचलला.

"सर आहेत का?" मामाने विचारलं. "जरा बोलवा त्यांना. लगेच."

"सर आत्ताच उतरले," मुलगी उत्साहाने म्हणाली. "चौघांना घेऊन गेलेत. आज साठ मीटर! काही निरोप आहे का?"