पोफळीची रेघ

"हेडलाइटपासून हात फिरव," दादू म्हणाला. "आता हळूहळू मागे ये. कडी लागली? तशीच पुढे, मागच्या लाइटपर्यंत. कुठं अडकला हात?"

"नाही," गाडीची मालकीण अक्षया म्हणाली.

"मग?"

"हाताला कळत नाही, काका. पण डोळ्यांना काहीतरी खुपतंय. गाडी पूर्वीसारखी दिसत नाही."

निळी हॅचबॅक गॅरेजच्या अंगणात उभी होती. तिची चेपलेली डावी बाजू दादूने आठ दिवस ठोकून सरळ केली होती. मागचे दोन दिवस रंगाचं काम चाललं होतं, तेवढ्यात तो दापोलीला बहिणीकडे जाऊन आला. बहिणीकडे म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे. हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तर त्याने बहिणीलाही सांगितलं नव्हतं. आज अंगणात नेहमीपेक्षा जास्त उजेड वाटत होता. औषधाचे थेंब लागू पडत असतील, असं तो सकाळपासून स्वतःला बजावत होता.

शेजारी चपला वाजल्या. शिवा आला होता. गॅरेज आता शिवाचं. त्याच्या बापाच्या वेळेपासून दादू इथला डेंटर, चेपलेला पत्रा सरळ करणारा, पण गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने एकच दार दोनदा परत आणलं, तेव्हा शिवाने तोंडावर सांगितलं होतं, "आणखी एक गाडी परत आली तर तुम्ही घरी बसा, काका." घरी बसून दादू काय करणार होता? पत्र्यावर हात फिरवण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि आता तर दुसरं काही शिकायची सोयही उरली नव्हती.

"बाय गो, ऐक," तो घाईघाईने म्हणाला. "डिकीवाल्या लांब गाडीचा काय, एखादा पोचा तिच्या लांबीत लपून जातो. ह्या आखूड गाडीला लपवायला जागाच नाय. तिचा सगळा रूप ह्या एका रेघेत. पुढच्या लाइटातून निघाली, कडीच्या वरून गेली, ती थेट मागच्या लाइटात जाऊन मिळाली पायजे. मधे जरा अडखळली तर ती गाडी नाय, बिस्किटाचा डबा!"

बोलताना त्याचे हात हवेत ती रेघ अचूक काढत होते. आवाज मात्र चढला होता, आणि तो खाली आणणं त्याला जमेना.

"राहू द्या, काका," शिवा म्हणाला. "त्यांच्या मनाला येत नसेल तर दार पुन्हा..."

"पुन्हा नाय!" दादू ओरडला. "आधी बघू तरी दे तिला!"

दादूची परीक्षा सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना माहीत होती. काम झालं की गाडी अंगणातल्या पोफळीसमोर लावायची, गिऱ्हाइकाला मागच्या चाकाशी उकिडवं बसवायचं आणि गाडीच्या अंगात पडलेलं पोफळीचं प्रतिबिंब बघायला लावायचं. सुपारीचं ते उंच झाड, ओळंब्यासारखं सरळ. मान हलवली की प्रतिबिंब एका दारावरून दुसऱ्या दारावर सरकायचं. सरकताना वाकलं नाही, तर काम पास. गाडी आणली त्या दिवशी दादूने अक्षयालाही इथेच बसवलं होतं. चेपलेल्या दारात पोफळीचे तीन तुकडे झाले होते, असं तीच तेव्हा म्हणाली होती.

दादू मागच्या चाकाशी बसला. त्याने डोळे बारीक केले. समोर निळं धुकं होतं, बाकी काही नाही. गेले चार महिने काही नव्हतंच. पण पोफळ कुठे दिसणार ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्याने मागच्या दारावर बोट टेकवलं.

"ही बघ," तो म्हणाला. "ही बघ पोफळ! शेंड्यापासून बुंध्यापर्यंत कुठं वाकलीय काय, सांग. अगो, माझे डोळे नाय फुटले अजून!"

शिवाने काहीतरी म्हणायला श्वास घेतला, आणि नुसताच सोडला.

"दिसली ना?" दादूने विचारलं. त्याचं बोट अजून दारावरच होतं. "बाय, दिसली ना तुला?"

"दिसली, काका," अक्षया फार हळू म्हणाली. "सरळ आहे. अगदी सरळ. माझंच काहीतरी चुकलं."

मग किल्लीचा आवाज आला, गाडी चालू झाली आणि फाटकाबाहेर गेली. दादू उठला. वाचलो, असं त्याच्या मनात आलं. गाडी गेली, परत येणार नाही. एरवी गिऱ्हाईक गेलं की शिवा लगेच पुढच्या कामाचं बोलायचा; आज त्याच्या चपला जागच्या हलल्या नाहीत.

दादूने खांद्यावरचा फडका काढला. गाडी गेली की फडका पोफळीला ठोकलेल्या खिळ्यावर अडकवायचा, ही त्याची पंचवीस वर्षांची सवय. सहा पावलं चालून त्याने हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. त्याने हात डावीकडे नेला, मग उजवीकडे. आणखी एक पाऊल टाकलं तेव्हा पायाला ठेच लागली.

तो खाली वाकला आणि चाचपू लागला. घोट्याच्या उंचीचा बुंधा. वर ताजा, ओला काप. भुसा त्याच्या बोटांना चिकटला.

चपला मागून जवळ आल्या आणि थांबल्या.

"फडका माझ्याकडे द्या, काका," शिवा म्हणाला.

दादूने तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.