उपासाचं ताट

डायलिसिसचं दुसरं वर्ष चालू होतं आणि अंबाजीच्या रक्तातला फॉस्फरस काही केल्या उतरत नव्हता. त्यानं अंगाला खाज सुटायची; खाजवून खाजवून त्याच्या पाठीवर वळ उठले होते. बापाला किडनी द्यायची म्हणून तपासण्यांसाठी माहेरी आलेली सारिका त्या दिवशी त्याच्यासोबत दवाखान्यात गेली.

"काका, अन्नातला फॉस्फरस अडवणारी ती गोळी जेवतानाच घेता ना? फॉस्फरस असाच राहिला तर हृदयावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

"एक जेवण चुकवत न्हाई," अंबाजी म्हणाला. ते खरंच होतं.

वराळ्याला घरी आल्यावर आईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं: भगर, दाण्याची आमटी, वाटीभर दही. अंबाजीनं आमटी भुरकायला सुरुवात केली.

"आबा, गोळी ऱ्हायली."

"आज सोमवार. उपासाला कुटं जेवतो मी?"

सारिका ताटाकडं बघत राहिली. दाणे काय, दही काय, फॉस्फरस तर त्यातच ठासून भरलेला. सोमवार झाला की गुरुवार, मग शनिवार, मधेच चतुर्थी. आणि तेवढे दिवस गोळी डबीतच. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही.

"एवढे उपास कशापायी धरलेत, आबा?" तिनं नुसतंच विचारलं.

त्यानं दही कालवलं.



"तुजी किडनी घ्यायची येळ येऊ नये म्हनून."