दिवेलागणीची जीप

“ह्या मेल्या ट्रॉलीला मागं लाइट न्हाई, काय न्हाई!” रुपालीशेजारी बसलेली सगुणाबाई मोठ्यानं कुरकुरली आणि मेहमूदमामांनी उसाच्या ट्रॉलीशेजारून जीप अलगद काढली. नव्यानं सासरी आलेली रुपाली तळेगावच्या बाजारातून पहिल्यांदाच या जीपनं निमोण्याला चालली होती. दिवेलागण झाली तशी जीपमधल्या सगळ्यांनी रस्त्याचाच विषय धरला. कुणी म्हणे, “म्हसरं आली बरं का!” कुणी म्हणे, “हा डावीकडचा खड्डा कवा बुजायचा?” आणि प्रत्येक वाक्यासरशी मामांचा पाय ब्रेकवर जायचा. रुपालीला नवल वाटलं. “मावशी, मामांना दिसतंय की. तुम्ही समदी कशापायी सांगताय?” सगुणाबाईनं तिला हळूच चिमटा काढला. मामांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढून हातात धरला. “न्हाई दिसत, पोरी,” ते म्हणाले. “वर्ष झालं, अंधार पडला की मी ह्यांच्याच डोळ्यांनी गाडी हाकतोय.”