कोकोचा टी-शर्ट

कोको कुत्र्याच्या पाठीवर कोयता कुणी चालवला, हे गावात कुणीच विचारलं नाही. त्याची मालकीण सेफिना, तिनंही नाही. आपिया शहरातल्या डॉक्टरनं घातलेले टाके ती रोज कोमट मिठाच्या पाण्यानं पुसायची आणि कुत्र्यानं ते चाटू नयेत म्हणून त्याला टी-शर्ट घालायची. निवडणुकीला उभे राहिलेले गावचे माताई, म्हणजे गावप्रमुख, लाफोआ घरोघर वाटत होते तोच. पुढचे पाय बाह्यांत, पोटाखाली गाठ, आणि छापलेला त्यांचा हसरा चेहरा पाठीवर यावा म्हणून मुद्दाम उलटा. कोको गावभर हिंडायचा आणि लोक तोंडावर हात धरून हसायचे.

रविवारी चर्च सुटल्यावर लाफोआंनी तिला सगळ्यांदेखत अडवलं. "माझं तोंड कुत्र्याच्या अंगावर मिरवतेस? काढ तो आधी."

"जखम भरली की काढेन, माताई."

"तू राहू दे, मीच काढतो," म्हणत ते वाकले. पोरांनी शेपूट ओढली तरी न हलणारा कोको थरथर कापत तिच्या पायांमागे दडला.

सेफिनानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भिऊ नको रे. आज माताईंच्या हातात कोयता नाही, बायबल आहे."