टांगता दिवा

दिवसा किराणा आणि संध्याकाळी बार, असं ते एकाच खोलीतलं दुकान. सजावट करणाऱ्या बाईंनी बारचा उजेड इतका मंद ठेवला होता, की शेजारी सख्खा भाऊ बसला तरी ओळखू येऊ नये. त्यात कोपऱ्यातल्या टेबलावरचा दिवा एवढा खाली टांगला होता, की नवं गिऱ्हाईक हमखास डोकं आपटून घेई. रोजचे मात्र आपसूक वाकत.

आज मालकाच्या मुलीचे होणारे सासरे दुकान बघायला येणार होते. "दारूशी संबंध असलेल्या घरात आम्ही सोयरीक करत नाही," असं त्यांनी आधीच ठणकावलं होतं. मालकाने बाटल्यांपुढे साबणाचे खोके रचले, तो दिवा उतरवून माळ्यावर टाकला आणि सगळ्या पांढऱ्या ट्यूब लावल्या.

"आधी तो घाम पुसा," बायको पुटपुटली. "चोरी केल्यासारखे दिसताय."

व्याही आले. त्यांनी फळ्या न्याहाळल्या, हवा हुंगली.

"वा! उजेड भरपूर आहे हो," व्याही म्हणाले. "बसू या जरा?"



आणि दिवा नव्हताच तिथे, तरी नुसत्या हवेखालून बेताने डोकं वाकवून, ते कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले.