मुकी बोलली

“त्या बाईंनी विचारलं तर काय सांगायचं?” मुकादमाने पुन्हा दरडावलं.

“सगळं बरं आहे,” लाँड्रीतल्या बायका एका सुरात म्हणाल्या. मुकी नुसती मान डोलावून मोकळी झाली.

ती काही जन्माची मुकी नव्हती. इथली भाषा तिला कामापुरती कळायची, पण तिची बोली इथे कुणालाच येत नव्हती. मग बोलणार कुणाशी, भिंतीशी? दिवसभर कॉलेजच्या वसतिगृहाच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या आणि वरच्या खोलीत जाऊन पडायचं. कुलूप बाहेरून. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. घरी आईपाशी लेक ठेवून आली होती. लेकीचा आवाजही आता नीट आठवेना. जीव नुसता तुटायचा.

कॉलेजने म्हणे नवा नियम केला होता. आमचे कपडे धुणारी माणसं राजीखुशीने राबतात की डांबून ठेवलेली, याची तपासणी होणार.

तपासणीच्या बाई आल्या त्या गळ्यात ओळखपत्र अडकवूनच. आल्या आल्या त्यांनी मुकादमाला पिटाळलं. “तुम्ही डोक्यावर उभे राहिलात तर या बोलतील कशाला?” मग एकेकीला ऑफिसात बोलावलं. शेवटी मुकीची पाळी आली.

“जेवलीस का गं?”

अगं बाई! चक्क तिच्या बोलीत! मुकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या लाँड्रीत, या गावात हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“घाबरू नकोस. मी आहे ना.”

मग काय, ती घडाघडा बोलत सुटली. कुलूप, पासपोर्ट, तापातलं राबणं, उलट बोलली म्हणून मुकादमाने हाताला दिलेला इस्त्रीचा चटका. “मला घरी जायचंय, ताई. लेक वाट बघून थकली असेल हो.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. “अजून कुणाला सांगितलंस हे?”

“कुणाला सांगणार? तुम्हीच पहिल्या.”

“बरं झालं, माझ्याशी बोललीस.”

मुकी बाहेर येऊन बाकावर बसली. छातीवरचा धोंडा उतरला होता. येते गं बयो, येतेच आता, ती मनातल्या मनात लेकीला सांगत राहिली.

मालक ऑफिसात शिरला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

“बाकीच्या तोंड सांभाळून आहेत,” बाई त्याला सांगत होत्या. “हिला मात्र आजच दुसरीकडे हलवा. कॉलेजची माणसं उद्या येतायत.”