सावली

केळीच्या सुकल्या पानांच्या ढिगात अजगर तीन दिवस वेटोळं घालून बसला होता. हिरामणने काठी आपटली, तरी जिभेखेरीज काही हलवेना.

"आंधळा झालाय," हिरामणने निकाल दिला. वटार गावातल्या त्या केळीच्या वाडीत शेवटचा शब्द त्याचाच. विहिरीचा दोर समजून आपण एकदा अजगराने बादलीभर पाणी ओढलं होतं, असंही तोच सांगायचा. "गरोदर बाईची सावली पडली की साप आंधळा होतो. बोला, कोण आलं होतं इथे?"

वाडीत येणाऱ्या बाया दोनच. बायको सुशीला आणि सून नेत्रा.

"माझीच पडली असेल!" साठीला टेकलेली सुशीला म्हणाली. "बाळंतविडा शिवायला टाका आता."

हिरामण खो खो हसला. साप पकडायला बोलावलेली जीनाही हसली. पाण्याची बादली धरून उभी असलेली नेत्रा तेवढी हसली नाही. दोनदा तिसऱ्याच महिन्यात तिची कूस रिकामी झाली होती, आणि दोन्ही वेळा त्याआधी गावभर पेढे वाटून झाले होते. या खेपेला तिने घरात कोणाला कळू दिलं नव्हतं. आणि आता हा मेला अजगर चुगली करत होता.

सुशीलाचं हसू थांबलं. ती सुनेकडे बघत राहिली.

जीनाने वाकून वेटोळ्यात बॅटरी मारली. "आंधळा कसला काका, मादी आहे ही. अंड्यांवर बसलीय. दोन महिने काही खायची नाही. ती बघा, थरथरतेय. तशीच ऊब देते अंड्यांना."

"मग उचल आणि सोड तुंगारेश्वरच्या रानात. मला केळी उतरवायचीत."

"आता हलवलं तर अंडी उलटीसुलटी होतील. आतली पिल्लं मरतील."

नेत्राने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "जीना, हिची आधीची अंडी वाया गेली असतील... तरी पुन्हा अशीच बसते?"

जीनाने बॅटरी विझवली. "बसते गं."

सुशीलाने पुढे होऊन सुनेच्या हातातली बादली घेतली.

"अहो, केळी राहू देत," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि गावात कुठे बोलू नका."

"कशाचं? अजगराचं?"

"अजगराचंच."

दोघी घराकडे निघाल्या. सुशीला उन्हाच्या बाजूने चालत होती, सुनेची सावली आपल्या सावलीत झाकत.